आज्ञावलीची प्रश्नपत्रिका

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाने पहिले उड्डाण केले. सुमारे ४० सेकंदांतच तो मार्ग सोडून भरकटला आणि चार उपग्रहांसह नष्ट झाला. इंजिनात बिघाड नव्हता. दोष होता अग्निबाणाची दिशा व वेग सांगणाऱ्या यंत्रणेच्या आज्ञावलीत, म्हणजेच संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये.

ही आज्ञावली मूळची एरियान-४ साठी लिहिलेली होती आणि तेथे ती उत्तम चालली होती. तिच्यातील एक संख्या १६ बिटांच्या जागेत ठेवली जाई. अशा जागेत -३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच पूर्णांक संख्या मावतात. एरियान-५ चा आडव्या दिशेतील वेग अधिक झपाट्याने वाढत होता. त्यामुळे ती संख्या मर्यादेबाहेर गेली आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तिचीही तीच गत झाली. एरियान-५ च्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन या यंत्रणेची जमिनीवर चाचणीच घेतलेली नव्हती, असे चौकशीत आढळले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चाचणी घेतली एवढ्याने भागत नाही. ती कोणती माहिती देऊन घेतली, हे महत्त्वाचे असते.

प्रश्न आणि नमुना उत्तरे

आज्ञावलीची चाचणी ही एक परीक्षाच असते. आज्ञावलीला द्यायची माहिती हे प्रश्न आणि अपेक्षित निकाल ही नमुना उत्तरे. आज्ञावलीत बदल केला की ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. म्हणून ती घेण्याचे काम दुसऱ्या एका आज्ञावलीवर सोपवतात. ही 'परीक्षक' आज्ञावली एकेक प्रश्न देते, आलेले उत्तर नमुना उत्तराशी ताडून पाहते आणि चुकांची यादी छापते. यालाच स्वयंचलित चाचणी म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. दिलेले वर्ष लीप आहे की नाही, हे सांगणारी आज्ञावली आपल्याला तपासायची आहे. ४ ने भाग जाणारे वर्ष लीप असते. मात्र १०० ने भाग जात असेल तर ते लीप नसते. पण ४०० ने भाग जात असेल तर पुन्हा लीप असते.

समजा, कोणी फक्त '४ ने भाग जातो का?' एवढेच पाहणारी आज्ञावली लिहिली. तिला १९०१ पासून २०९९ पर्यंतची सर्व १९९ वर्षे विचारा. एकही उत्तर चुकणार नाही! आता पुढील पाचच प्रश्न पाहा :

१) २०२३ : लीप नाही
२) २०२४ : लीप
३) १९०० : लीप नाही
४) २००० : लीप
५) 'अबक' : 'हे वर्ष नव्हे' अशी सूचना

तिसऱ्या प्रश्नाशी चूक लगेच पकडली जाते. १९९ प्रश्नांना जे जमले नाही, ते एका नेमक्या प्रश्नाने साधले. लोटस १-२-३ या प्रसिद्ध आज्ञावलीत १९०० हे वर्ष लीप धरलेले होते. पुढे एक्सेलनेही तिच्याशी जुळते राहावे म्हणून ती चूक तशीच ठेवली.

प्रश्न वेगळे, परीक्षक वेगळा

हे प्रश्न परीक्षक आज्ञावलीच्या पोटातच लिहून ठेवले, तर नवा प्रश्न घालताना दर वेळी तिच्यात फेरफार करावा लागेल. म्हणून प्रश्नोत्तरांचे कोष्टक वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि परीक्षक त्यातील एकेक ओळ उचलून आज्ञावलीला पुरवतो. मग २१०० हे वर्षही तपासायचे असेल, तर कोष्टकात एक ओळ वाढवली की झाले.

बाहेरून पुरवायच्या माहितीत 'आजची तारीख'ही येते. समजा, वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की नाही, हे एका आज्ञावलीला सांगायचे आहे. कोष्टकात जन्मतारीख १५ जून २०१० आणि उत्तर 'नाही' असे लिहिले. १४ जून २०२८ पर्यंत चाचणी ठीक चालेल. दुसऱ्या दिवशी मात्र ती नापास होईल, आणि आज्ञावलीत तर काहीच बदललेले नसेल! म्हणून संगणकाच्या घड्याळावर विसंबू नये. 'आज' कोणती तारीख धरायची, तेही कोष्टकातूनच द्यावे.

धुतलेली परीक्षानळी

प्रयोगशाळेत आपण प्रत्येक प्रयोगाला स्वच्छ परीक्षानळी घेतो. येथेही तसेच. ग्रंथालयाच्या आज्ञावलीची चाचणी घेताना पुस्तकाची एकच प्रत नोंदवली आणि ती एका वाचकाला दिली. ही नोंद तशीच राहिली, तर पुढच्या चाचणीला प्रत मिळणार नाही आणि दोष नसताना ती नापास होईल. म्हणून प्रत्येक चाचणीने आपली माहिती आरंभी स्वतः मांडावी आणि शेवटी पुसून टाकावी.

आणखी एक पथ्य असे की, चाचणीसाठी खऱ्या रुग्णांची वा खातेदारांची नावे वापरू नयेत. चाचणीची फाइल अनेकांच्या हाती जाते. खासगी गोष्टी तेथून फुटू शकतात. काल्पनिक नावे घ्यावीत; मात्र त्यांत लांब नाव, जोडाक्षरांचे नाव, आडनाव नसलेली व्यक्ती असे सर्व नमुने असावेत.

इतके करूनही आज्ञावली पूर्ण निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. जे विचारले, तेवढ्याचीच खात्री मिळते. म्हणूनच प्रश्न काढणाऱ्याने ती आज्ञावली प्रत्यक्षात कोठे आणि कशी वापरली जाणार, हे आधी जाणून घ्यायला हवे.

करून पाहा : १०० पैकी ३५ गुणांना उत्तीर्ण ठरवणारी एक आज्ञावली आहे. तिच्यासाठी जास्तीत जास्त आठ प्रश्नांचे कोष्टक नमुना उत्तरांसह तयार करा. ३४ आणि ३५ तर हवेतच. १०१ गुण, उणे गुण आणि गैरहजर विद्यार्थी यांचे काय? कोष्टक मित्राला दाखवा आणि तुम्हाला न सुचलेला एक तरी प्रश्न त्याला सुचतो का, ते पाहा.