बंगळूरहून टेक्निकल कम्युनिकेशनच्या मास्टर्सला अर्ज करताना

पुण्या-कोल्हापुराहून बंगळूरला येऊन व्हाइटफील्ड किंवा आउटर रिंग रोडवरच्या कंपनीत टेक्निकल रायटर म्हणून दोन-चार वर्षं काम केलेली, आणि आता याच विषयात परदेशी शिकावं असं ठरवलेली मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या आधी या वाटेने गेलेल्या आणि आता अमेरिका-युरोपात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी जे सांगितलं, ते इथे एकत्र केलं आहे. गुण आणि टोफेल-आयईएलटीएस पुरेसे असावे लागतात, पण निवड होते ती लेखनाच्या नमुन्यांवर, हे सगळेच सांगतात. आणि बंगळूरची मुलं नेमकी तिथेच अडतात.

कारण साधं आहे. कंपनीत लिहिलेली प्रत्येक यूजर गाइड, प्रत्येक रिलीज नोट कंपनीच्या मालकीची असते. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. नावं खोडून तोच मजकूर पाठवणं चुकीचं आहे आणि लिहिण्याच्याच व्यवसायात शिरणाऱ्याने तर ते करूच नये. लेखी परवानगी मिळाली तर उत्तम. नाहीतर नमुने नव्याने तयार करावे लागतात, आणि त्याला सहा महिने तरी हवेत. अमेरिकेतल्या ऑगस्टच्या प्रवेशासाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते. म्हणजे पावसाळा सुरू होताच कामाला लागा.

नमुन्यांसाठी बंगळूरसारखं गाव नाही. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सुधारा. कोणता बदल तुम्ही केला याची नोंद तिथे सगळ्यांना दिसते. विज्ञानलेखनाकडे ओढा असेल तर भारतीय विज्ञान संस्थेच्या वार्षिक ‘ओपन डे’ला जा, एखाद्या प्रयोगशाळेत तासभर थांबून प्रश्न विचारा आणि दहावीच्या मुलाला कळेल असा लेख लिहा. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली इथेच स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ मासिक विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी निघतं. अवघड विषय कसा उलगडावा हे त्यात पाहा. गुब्बी लॅब्जचं ‘रिसर्च मॅटर्स’ हे संकेतस्थळ संशोधनाच्या बातम्या मराठीतही देत आलं आहे. मराठीत लिहिलेलं लपवू नका. सोबत इंग्रजी रूप जोडलंत, तर दोन वेगळ्या वाचकांसाठी तुम्ही एकच विषय कसा मांडता हे निवड समितीला दिसतं. प्रत्येक नमुन्यासोबत अर्ध्या पानाची टीप हवी: वाचक कोण होता, त्याला काय करायचं होतं, तुम्ही काय गाळलं आणि का.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये ‘लहानपणापासून लेखनाची आवड’ नको. कामातून पडलेला प्रश्न सांगा. रुग्णालयातल्या यंत्राची पुस्तिका परिचारिका उघडतच नाही, मग ती नेमकी कोणासाठी लिहिली जाते? असा एक खरा प्रश्न दोन पानांच्या कौतुकापेक्षा जास्त बोलतो. शिफारसपत्रासाठी सध्याच्या मॅनेजरला सांगणं अवघड जात असेल तर आधीच्या कंपनीतल्या वरिष्ठांना विचारा. तुमचं लेखन ओळीओळीने तपासलेली व्यक्ती मोठ्या हुद्द्यापेक्षा कधीही बरी.

आता अभ्यासक्रमाची निवड. जुन्या मंडळींचा सल्ला ऐका, पण त्यांनी सांगितलेली नावं तपासून घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टेक्निकल कम्युनिकेशन विभागाचं नाव २००९ मध्ये बदलून ‘ह्यूमन सेंटर्ड डिझाइन अँड इंजिनिअरिंग’ झालं. ‘एसटीसीचं सभासदत्व घे’ असं एखादे काका आजही सांगतील, पण टेक्निकल रायटरांची १९५३ पासूनची ती संस्था (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन) जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. विज्ञानाच्या बाजूने जायचं असेल तर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये १९९१ पासून सायन्स कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम आहे. आणि स्ट्रासबर्ग विद्यापीठाचा टेक्निकल कम्युनिकेशन व लोकलायझेशनचा मास्टर्स इंग्रजीतून आणि ऑनलाइन आहे. नोकरी न सोडता, बंगळूरच्या घरी बसून करता येतो. या व्यवसायात आता पूर्वीइतक्या सहज नोकऱ्या मिळत नाहीत. मोठं कर्ज काढण्याआधी हा ऑनलाइन मार्ग मनापासून विचारात घ्यावा असं मला वाटतं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी प्रत्येक विद्यापीठाला दोन गोष्टी ईमेलने विचाराव्यात. एक, या पदवीचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) काय? शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं. आणखी २४ महिने फक्त तो कोड सरकारच्या स्टेम यादीत असेल तरच मिळतात. हे अभ्यासक्रम अनेकदा इंग्रजी विभागात असतात, त्यामुळे नावात ‘टेक्निकल’ आहे म्हणून कोड यादीत असेलच असं धरू नका. कर्जाचं सगळं गणित यावर अवलंबून असतं. दुसरं, टीचिंग असिस्टंटशिप परदेशी विद्यार्थ्यांना मिळते का आणि तिची मुदत वेगळी आहे का? शिकवण्याचं काम असल्यामुळे टोफेलमधल्या बोलण्याच्या गुणांना इथे वेगळं महत्त्व येतं. तीन वर्षांची बीए-बीएस्सी असेल तर ती चालते का, हेही आधीच विचारा.

कागदपत्रांत मराठी माणसाची खास अडचण असते ती नावाची. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर तिसरंच. अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा आणि गरज पडेल तिथे जोडायला प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ट्रान्सक्रिप्टचं काम गणपतीला गावी जाल तेव्हा उरका; दिवाळीच्या सुट्टीवर ढकललंत तर डिसेंबर गाठताना धावपळ होते. जर्मनीला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्यालाही वेळ द्या.

बंगळूरला अमेरिकी वकिलात जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली, तरी मुलाखत इथेच होईल असं गृहीत धरून सुट्टी ठरवू नका. मुलाखतीची वेळ घेताना केंद्र पाहा आणि चेन्नई-हैदराबादच्या प्रवासाची तयारी ठेवा. हा विषय काय आहे, असं तिथे हमखास विचारतात. दोन सोप्या वाक्यांत सांगता येईल असं उत्तर घरातल्या कोणाला तरी आधी ऐकवून पाहा.