आहारांतील चरबी आणि पुरुषाचें बीज

गेल्या वर्षीं शरीरशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, चरबी इतकी अपायकारक, तर शरीर ती सांठवितेंच कशाला?" प्रश्न मार्मिक होता, पण घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलें. तें येथें पुरें करावें असा विचार आहे. विषयाचा एक भाग कांहीं पालकांस संकोचाचा वाटेल. परंतु वरच्या वर्गांतील मुलें लवकरच गृहस्थ होणार आहेत, आणि जें त्यांस नीट सांगितलें जात नाहीं तें तीं भलत्या ठिकाणीं ऐकतात.

चरबी ही शरीराची वैरीण नव्हे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारें ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम चरबीपासून ९. थोड्या जागेंत पुष्कळ शक्ति सांठविण्याची याहून सोयीची युक्ति नाहीं. अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें चरबीच्या साह्यावांचून आंतड्यांत नीट शोषिलीं जात नाहींत. पुरुषत्वाचा मुख्य अंतःस्राव जो टेस्टोस्टेरोन, तो तर शरीर कोलेस्टेरॉलपासूनच बनवितें. तेव्हां तूप-तेल अजीबात वर्ज्य करणें शहाणपणाचें नव्हे.

कोठार भरून वाहूं लागलें म्हणजे मात्र घोटाळा सुरू होतो. तळलेले व तुपकट पदार्थ रोज मनसोक्त खाल्ले आणि अंगमेहनत नसली, तर त्वचेखालीं न मावणारी चरबी पोटांतील इंद्रियांभोंवतीं जमते, यकृतांत आणि स्नायूंत शिरते. तेथें ती इन्सुलिनच्या कामांत अडथळा आणते. रक्तांतील साखर आंत घ्या, असा पेशींस निरोप देणारा दूत म्हणजे इन्सुलिन. निरोप ऐकूं जाईनासा झाला कीं स्वादुपिंड अधिकाधिक दूत धाडतें आणि शेवटीं थकतें. मधुमेहाची एक मोठी वाट ती हीच. पूर्वीं चरबी म्हणजे मुका सांठा असें समजत. इ. स. १९९४ मध्यें न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं चरबीच्या पेशींतून निघणारा लेप्टिन हा स्राव शोधून काढला, आणि चरबीही मेंदूस निरोप धाडते हें दिसून आलें.

आतां पुरुषाविषयीं. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नांवाचें एक द्रव्य असतें. तें टेस्टोस्टेरोनचें इस्ट्रोजेन या स्त्रीच्या अंतःस्रावांत रूपांतर करितें. इस्ट्रोजेन वाढलें कीं मेंदूकडून वृषणांस मिळणारी आज्ञा सौम्य होते, व बीज तयार होण्याचें काम मंदावतें. शिवाय वृषणांस शरीराहून थोडें थंड राहावें लागतें. मांड्यांभोंवतीं चरबी दाटली म्हणजे तो थंडावाही उणावतो.

डेन्मार्क हा लोण्याचा देश. तेथील ७०१ तरुणांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. लोणी, चीज, मांस यांत असते तशी घट्ट चरबी सर्वांत अधिक खाणाऱ्या गटांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानानें, बीजांची दाटी शेंकडा ३८ नें कमी भरली. (त्याच देशानें ऑक्टोबर २०११ पासून अशा चरबीवर कर बसविला होता. कित्येक लोक शेजारच्या जर्मनींत जाऊन लोणी आणूं लागले, आणि २०१३ च्या आरंभीं कर रद्द झाला. जिभेपुढें सरकारचेंही चालत नाहीं!)

विद्यार्थ्यांनीं या आंकड्यापाशीं थोडें थांबावें. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. फार लोणी खाणाऱ्यांच्या राहणींत दुसरेंही कांहीं निराळें असूं शकेल. खात्री करावयाची तर प्रयोग हवा, आणि माणसांस वर्षानुवर्षें ठराविक अन्नावर ठेवून असा प्रयोग करणें कठीण. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळतात. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें नर उंदरांस चरबीचें अन्न देण्यांत आलें, माद्यांस साधें. त्यांच्या मादी पिलांत, बीजदोष तर राहोच, इन्सुलिन तयार करण्याच्या शक्तींतच उणेपणा दिसला. हा निष्कर्ष २०१० सालचा. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे हें खरें. पण बापाच्या ताटांतलें लेकीच्या अंगीं उतरावें, ही गोष्ट वाचून आम्ही कांहीं वेळ पुस्तक मिटून बसलों.

दिलासा एवढाच कीं, पुरुषाचें बीज पूर्ण तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात, आणि तें सतत नवें होत असतें. त्यामुळें राहणी सुधारल्याचा कांहीं परिणाम व्हावयाचा तर त्यास वर्षें लागत नाहींत.

आमच्या परिचयाच्या एका घरीं लग्नास आठ वर्षें होऊनही मूल नव्हतें. सुनेच्या तपासण्या झाल्या, औषधें झालीं, नवससायास झाले. सणासुदीस ओटी भरतांना बायका तिला वगळूं लागल्या. निपुत्रिक जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा वाटा असतो, हें डॉक्टरांनीं सांगूनही सासूबाईंस पटेना. मुलगा अंगानें भरलेला, म्हणजे सशक्त, अशी त्यांची समजूत. त्याच्या पानांत तुपाची वाटी रोज वेगळी. अखेर गेल्या वर्षीं तो तपासणीस गेला, आणि दोष त्याच्याकडेच निघाला. डॉक्टरांनीं वजन उतरविण्यास सांगितलें आहे. तुपाची वाटी बंद झाली, तो पहांटे फिरावयास जातो. सून मात्र अद्याप हळदीकुंकवास कोठें जात नाहीं.