सहीआधी हिशोब

२०२२ च्या पावसाळ्यात काशिमिऱ्याजवळ महामार्गावर एका डंपरने माझ्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलला मागून धडक दिली. तो जागीच गेला. वय ३८. आमच्या तारोडी गावातल्या घरांमध्ये आणि भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये तो वायरिंगची कामं करायचा. मागे बायको, दोन शाळकरी मुलं आणि आमची आई.

चर्चमधली महिन्याची मिस्सा व्हायच्या आतच डंपरमालकाचा माणूस दारात आला. सात लाख रोख देतो, या स्टॅम्पपेपरवर सगळ्यांनी सह्या करा, असं म्हणाला. कोर्टात वर्षानुवर्षं जातात, मुलं लहान आहेत, हे तो अगदी समजुतीच्या सुरात सांगत होता. घर कोसळलेलं असतं, रोजचा पैसा बंद झालेला असतो, तेव्हा सात लाख फार मोठे वाटतात. म्हणून तर ही माणसं नेमकी तेव्हाच येतात.

आई तर म्हणाली, "मला माझ्या लेकराच्या रक्ताचे पैसे नकोत." असं वाटणारी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्या भावनेपुढे मी नम्र आहे. पण भरपाई म्हणजे गेलेल्या माणसाची किंमत नव्हे. तो असता तर घरात जो पगार, जी मजुरी येत राहिली असती, ती बुडाली; ती ज्याच्यामुळे बुडाली त्याने, किंवा त्याच्या विमा कंपनीने, भरून द्यायची. नातवंडांची फी कोण भरणार, एवढाच तो प्रश्न आहे. आईला हे पटायला वेळ लागला.

गावातले एक काका ठाण्याच्या न्यायालयातून निवृत्त झालेले. त्यांनी सह्या थांबवल्या आणि वहीचं पान काढून आकडे मांडले. भावाची कमाई महिना २०,००० धरली, म्हणजे वर्षाला २,४०,०००. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला माणूस असेल, तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. अवलंबून असलेली माणसं चार ते सहा असतील, तर मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: उरले २,५२,०००. वय ३६ ते ४० असेल तर गुणक १५. गुणाकार ३७ लाख ८० हजार. त्याशिवाय पत्नी, मुलं आणि आई यांना सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी वेगळी रक्कम, अंत्यविधीचा खर्च आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज. ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे. कुणाच्या मर्जीचा त्यात भाग नाही. सात लाखांचा कागद काकांनी त्या माणसाला परत दिला.

खरी लढाई मात्र त्या २०,००० वर झाली. नोकरदाराची पगाराची पावती असते. वायरमन, रिक्षावाला, मासळी विकणारी बाई, भाजीचा मळा करणारा शेतकरी यांच्याकडे काय असतं? पुरावा नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं. समजा १२,००० धरले, तर वरच्याच रीतीने २२ लाख ६८ हजार होतात. महिन्याच्या आठ हजारांच्या फरकाने १५ लाख १२ हजार गेले! म्हणून गेलेल्या माणसाचा मोबाईल आणि सिम बंद करू नका. भावाच्या फोनवर गिऱ्हाइकांनी पाठवलेले पैसे तारीखवार होते. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने त्याच्या नावाचं उधारीचं पान दिलं, दोन सोसायट्यांनी कामाची बिलं दिली, एका सेक्रेटरीने साक्षही दिली. बँकेचं पासबुक, मुलांच्या फीच्या पावत्या, गाडीच्या कर्जाचे हप्ते, हे सगळं सांगतं की घरात किती पैसा येत होता. घर आवरताना हे कागद रद्दीत जातात, फार वाईट वाटतं बघून.

अपघातात घरातली बाई गेली तर "ती काही कमवत नव्हती" असं कुणालाही म्हणू देऊ नका. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न आणि त्याची भावी वाढ दोन्ही धरायला सांगितलं आहे.

डंपरवाल्यानंतर दुसरा आला तो दलाल. वकील लावून देतो, मिळेल त्यात तीस टक्के आमचे. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. आणि विधवेला पैसे देऊन वकील करायचीही गरज नाही: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. भावजयीने तेच केलं.

आणखी एक सापळा सभ्य चेहऱ्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. ज्यांच्याकडे समोरच्याची चूक दाखवणारा पुरावाच नाही त्यांना हे पाच लाख आधार आहेत. बाकीच्यांनी आधी वहीचं पान काढावं. तडजोडीच्या कागदावर "फौजदारी केसही मिटली" असं लिहून घेतात, तेही पोकळ आहे. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याकडे त्याच्या प्रती मागा, पंचनाम्यात रस्ता आणि धडकेची जागा नीट आली आहे का ते स्वतः वाचा. क्लेम कुटुंब राहतं तिथेही टाकता येतो; अपघात नागपूरला झाला म्हणून तारोडीच्या माणसाने तिकडे खेपा घालायच्या नाहीत. मुदत सहा महिने. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ उशिरापायी दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही झाला. तरी त्याच्या भरवशावर राहू नका. धडक देणारी गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नसेल तर प्रांत किंवा तहसीलदाराकडे अर्ज करून दोन लाख मिळतात.

आपल्याकडे निम्मं गाव भाईंदरहून लोकल पकडतं. चालत्या गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात आठ लाख, मुदत एक वर्ष. पास सापडला नाही म्हणून दावा मरत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालात आहे. शपथपत्रावर प्रवासी असल्याचं सांगावं लागतं. रूळ ओलांडताना गेलेल्याला मात्र हे लागू नाही. आणि खड्ड्यात गाडी आदळून कुणी गेलं, तर १३ ऑक्टोबर २०२५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सहा लाख मिळायला हवेत. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि संदेश पाटील यांनी त्यासाठी पालिकेचे आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती करायला सांगितली. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी तो बुजवलेला असतो.

आमचा निकाल २०२५ मध्ये लागला. उत्पन्न बहुतांशी मान्य झालं. मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवीत आहेत, व्याज दर महिन्याला भावजयीच्या स्वतःच्या खात्यात येतं. खातं तिच्या एकटीच्या नावाचं आहे, माझं नाव त्यावर नाही, आणि तसंच असावं असं मीच सांगितलं. थोरल्याला पुढच्या वर्षी डिप्लोमाला घालायचं आहे. फीची पावती जोडून अर्ज केला की न्यायाधिकरण ठेवीतली रक्कम मुदतीआधी मोकळी करू शकतं, तो अर्ज तिने लिहायला घेतला आहे.