नळीतली हवा

सरकारी नोकरीची तीस वर्षे मामलेदार कचेरीत दप्तर सांभाळण्यात घालवून मी कृष्णाकाठच्या वडिलार्जित जमिनीवर येऊन राहिलो, तेव्हा प्रत्येक गैरसोयीस कोणीतरी इसम जबाबदार असतो आणि त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला की ती दूर होते, ही समजूत मी कचेरीतून बरोबर आणली होती. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाने ती दीड दिवसात उतरविली.

इंजिन जुने असले, तरी त्याचा इंधनपंप, नोझल आणि त्या दोहोंना जोडणारी पोलादी नळी ही सामग्री मी नुकतीच नवी घेतली होती. फिटरने ती एका दुपारी बसविली आणि शेवटच्या एस.टी.ची वेळ झाल्यामुळे, "हवा काढून घ्या अन् मग हँडल मारा," एवढे सांगून तो निघून गेला. फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करून डिझेल येईतो थांबणे, एवढाच हवा काढण्याचा अर्थ मला ठाऊक होता. तेवढे मी केले. आलेले डिझेल फेसाळ होते, पण ते आले याचेच मला समाधान वाटले. त्यानंतर मी आणि दोन गडी आळीपाळीने हँडल मारीत राहिलो. दिवस मावळला, उसाचे वाफे कोरडे राहिले, आणि इंजिन एकदा ठसकलेसुद्धा नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात मी दुकानदाराच्या नावे तक्रारीचा मसुदा लिहिला. सदरहू पंप सदोष असल्याचे निदर्शनास आले आहे, अशी त्याची सुरुवात होती. सकाळी पुराव्यादाखल पंपाच्या माथ्यावरचा नटही मी खोलला आणि आतला भाग धोतराच्या चिंधीने स्वच्छ पुसून पुन्हा बसविला. या एका कृत्याची मला आजही लाज वाटते, कारण चिंधीचा एक धागा आतल्या सूक्ष्म झडपेत अडकला असता तर माझी खोटी तक्रार खरी ठरली असती.

दुपारी गावातल्या पिठाच्या गिरणीचे तात्या सहज येऊन उभे राहिले. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही, फक्त विचारले, "भाऊसाहेब, हँडल मारताना धूर येतो का?" धुराची रेघसुद्धा येत नव्हती. "मग डिझेल आत पोचतच नाही. एअर घेतलीय त्यानं."

दीड दिवस आम्ही काय करीत होतो, हे तात्यांच्या या दोन वाक्यांनंतर मला कळले. पंधराशे फेऱ्यांवर चालणाऱ्या अशा इंजिनात नोझल मिनिटाला साडेसातशे वेळा इंधन फवारते, आणि दर खेपेचे माप एखाद्या लहानशा थेंबाहून अधिक नसते. नोझल उघडण्यास मात्र दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपातल्या दट्ट्याचा तो एवढासा रेटा जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. पण नळीत हवा असली की रेट्यासरशी ती आकसते, दट्ट्या मागे फिरताच पुन्हा फुगते, आणि नोझलला या सर्व खटाटोपाची वार्ताही लागत नाही. नवी नळी तर आरंभी हवेनेच भरलेली असते. गंमत अशी की, ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते त्या रुडॉल्फ डिझेलच्या आउग्सबुर्ग येथील १८९७ सालच्या इंजिनात इंधन आत लोटण्याचे कामच दाबलेली हवा करीत असे. बॉश कंपनीचा इंधनपंप १९२७ साली कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्यानंतर हा दाब निर्माण करण्याचे काम दट्ट्याकडे आले, आणि पूर्वीची चाकर हवा घरभेदी ठरली.

तात्यांनी प्रथम टाकीपासून फिल्टरपर्यंतची रबरी नळी पाहिली. फिटरने ती लांब ठेवली होती, त्यामुळे मध्ये तिची कमान झाली होती, आणि हवेला वर चढून बसण्यास यापेक्षा सोयीची जागा नव्हती. नळी कापून त्यांनी उतार सरळ केला. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक काडीने मोकळे केले, कारण ते बुजले की डिझेल खाली उतरत नाही. मग फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडा संपून अखंड धार लागेपर्यंत ते थांबले, आणि धार वाहत असतानाच स्क्रू आवळला. ती थांबल्यावर आवळला तर हवा परत आत शिरते. पंपाच्या स्क्रूचेही तसेच केले. येथपर्यंतचे निम्मे तरी मी केले होते. शेवटची पायरी मात्र माझ्या गावीही नव्हती: पोलादी नळीचा नोझलकडचा नट त्यांनी एक फेरा सैल केला, सिलिंडरातला दाब मोकळा करणारी डिकॉम्प्रेशनची कळ उचलली, इंधनाचा दांडा पुऱ्यावर ठेवला आणि गड्याला सावकाश हँडल फिरवावयास सांगितले. नटाच्या कडेने आधी फेस आला, मग फुसफुसत थेंब आले, मग दर दोन फेऱ्यांस निर्मळ डिझेलची एकेक उसळी येऊ लागली. नट आवळून पुन्हा हँडल फिरविताच नोझलमधून "टर्र" असा आवाज आला. तो आवाज येईपर्यंत कळ खाली टाकण्यात अर्थ नसतो, हे मी तेव्हा शिकलो. कळ टाकली आणि तिसऱ्या ठोक्यास इंजिन चालू झाले.

स्क्रूखालचे तांब्याचे वॉशर शक्यतो नवे घालावे; जुनेच घालावयाचे असल्यास लाल तापवून पाण्यात विझवावे, म्हणजे ते मऊ होऊन नीट बसतात. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, कारण इंजिन उलटा झटका देते तेव्हा वेढलेला अंगठा सुटत नाही. हे सर्व जुन्या धाटणीच्या इंजिनांपुरतेच आहे. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजारांच्या घरात असतो, तेथे उच्च दाबाच्या नळीच्या नटास पाना लावू नये, हातपंपाने जेवढी हवा निघेल तेवढी काढून बाकीचे काम जाणत्यावर सोपवावे.

तक्रारीचे पत्र टपालात पडले नव्हते, हे माझे नशीब. परंतु त्याहून मोठे नशीब असे की, फवारा कसा येतो हे पाहण्यासाठी नोझल बाहेर काढून त्यासमोर तळहात धरण्याचा विचार मी तात्यांना बोलून दाखविला, आणि त्यांनी माझे मनगटच धरले. तो फवारा कातडीतून आरपार मांसात शिरतो. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीस दुखतही नाही, आणि आत मात्र डिझेल मांस कुजवू लागते. असे कोणाचे झाल्यास हळद लावून घरी बसवू नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात न्यावे आणि डॉक्टरांना जखम डिझेलच्या दाबाची आहे, हे आवर्जून सांगावे.