नगरपरिषदेचं टेंडर भरताय? आधी हा हिशेब मांडा

पथदिवे, झाडू, टीसीएल पावडर, गटारं, पेव्हर ब्लॉक, शाळेची रंगरंगोटी... नगरपरिषदेची खरेदी वर्षभर चालू असते. ही कामं गावातल्या छोट्या ठेकेदाराला आणि पुरवठादाराला मिळायला हवीत. पैसा गावातच फिरतो आणि काम बिघडलं तर जाब विचारायला माणूस समोर असतो. पण पहिल्यांदा टेंडर भरणारा बहुधा फक्त फॉर्मची फी बघतो. फी किरकोळ असते. अंगावर येतो तो अडकून पडलेला पैसा. म्हणून दर भरण्याआधी पुढचा हिशेब कागदावर मांडा.

तयारीचा खर्च

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या ई-निविदा महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. त्यासाठी क्लास ३ डिजिटल सही लागते. सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली, टोकनसह, दोन वर्षांसाठी घेतली तर साधारण दीड ते तीन हजार रुपये लागतात. हे टोकन एजंटकडे ठेवून देऊ नका. त्यावरून भरलेल्या प्रत्येक दराची जबाबदारी तुमची असते.

उद्यम आणि जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. कुणी फीच्या नावाने पैसे मागितले तर ते त्याच्या सेवेचे आहेत, हे लक्षात ठेवा. वस्तू पुरवणार असाल तर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरही नोंदणी करा. ऑगस्ट २०२४ पासून तिथे १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर व्यवहार शुल्क नाही.

भरताना लागणारे पैसे

निविदा फी परत मिळत नाही. बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, परत मिळते, पण निकाल लागेपर्यंत अडकून राहते. काम मिळूनही माघार घेतली तर ती जप्त होते आणि काळ्या यादीत जाण्याची वेळ येऊ शकते. वस्तूंच्या पुरवठ्यात उद्यम नोंदणीवर ईएमडीची सूट मिळू शकते, बांधकामाच्या कामात सहसा नाही. निविदेतली अट वाचूनच ठरवा.

काम मिळाल्यावर

कामाच्या करारनाम्याला मुद्रांक लागतो. सुरक्षा ठेव काही करारावेळी आणि काही बिलातून कापली जाते. ती दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष तुम्हीच दुरुस्त करून देण्याची मुदत, संपल्यावर परत मिळते. रस्त्याच्या कामात हा कालावधी काही वर्षांचाही असतो.

फार ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकातल्या दराखाली, जाण्याचा मोह आवरा. अनेक निविदांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिलो गेल्यास वरच्या टक्क्यांइतकी अतिरिक्त ठेव मागतात. १० लाखांच्या कामाला १८ टक्के बिलो भरलं तर ८ टक्के, म्हणजे ८० हजार रुपये आणखी अडकतात. काम मात्र ८ लाख २० हजारांतच पूर्ण करायचं असतं.

बिलातून काय कापतात?

एका व्यक्तीच्या मालकीची फर्म, जीएसटीशिवाय १० लाखांचं बांधकाम आणि ५ टक्के सुरक्षा ठेव असं धरू:

- मूळ रक्कम: १०,००,०००
- जीएसटी १८ टक्के: १,८०,०००
- एकूण बिल: ११,८०,०००
- प्राप्तिकर टीडीएस १ टक्का: १०,०००
- जीएसटी टीडीएस २ टक्के: २०,०००
- कामगार कल्याण उपकर १ टक्का: १०,०००
- सुरक्षा ठेव: ५०,०००
- हातात येणारी रक्कम: १०,९०,०००

यातला प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, जीएसटीचा टीडीएस तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होतो, ठेव उशिरा का होईना परत मिळते. उपकर मात्र कायमचा गेला, म्हणून तो दरातच धरा. हातात आलेल्या रकमेतून जीएसटीही भरायचा आहे. अंदाजपत्रकातला दर जीएसटीसह आहे की वगळून, हे भरण्याआधी विचारा. या एका गोष्टीत नफा बुडतो.

आता व्याज. खिशातले ८ लाख सहा महिने अडकले आणि कर्ज १२ टक्क्यांचं असेल, तर ४८ हजार रुपये व्याजात जातात. हा आकडा दरात नसेल तर तो तुमच्या नफ्यातून जाणार.

सभेचा ठराव वाचा

बिल कधी निघेल याचा सगळ्यात चांगला अंदाज ठरावातून येतो. काम कोणत्या निधीतून आहे: वित्त आयोग, जिल्हा नियोजन की नगरपरिषदेचा स्वनिधी? निधी जमा झाला आहे की नुसती प्रशासकीय मंजुरी आहे? घरपट्टीची वसुली रखडलेल्या गावात स्वनिधीतल्या कामाचं बिल लांबणं ठरलेलं.

बरीच वर्षं अनेक नगरपरिषदांत प्रशासकच निर्णय घेत होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर हे निर्णय पुन्हा लोकनियुक्त सभागृहाकडे आले आहेत. विषयपत्रिका आणि इतिवृत्त बघायची सवय लावून घ्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. तुमचा दर सगळ्यात कमी निघाला तरी वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत माल उचलू नका.

पैसे अडकले तर

कामाची नोंद मोजमाप पुस्तकात (एमबी) वेळेवर करून घ्या. एमबी भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. बिल सादर केल्याची पोच जपून ठेवा. फाइल कुठे थांबली हे माहिती अधिकारात विचारता येतं: अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. वस्तू किंवा सेवा पुरवणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं ४५ दिवसांपलीकडे थकलं, तर कायद्याने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. त्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे दाद मागा. बिलासाठी कुणी टक्केवारी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. ती टक्केवारी दरात धरून चालणाऱ्याचं काम निकृष्ट होतं आणि त्याचा खड्डा गावालाच भोगावा लागतो.

शेवटी दर असा बांधा: साहित्य, मजुरी, उपकर, अडकलेल्या ठेवींचं आणि भांडवलाचं सहा महिन्यांचं व्याज, आणि त्यावर तुमचा नफा. या बेरजेखाली जाऊन काम घ्यावं लागत असेल, तर ते टेंडर सोडून द्या.