उलटा उजेड आणि ड्रायव्हरचा पॅच

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकलं. बाकी सगळं झकास चालतंय, पण उजेड वाढवायची कळ दाबली की पडदा अंधारतो आणि कमी करायची दाबली की लख्ख होतो! ओळखीचा एक मुलगा म्हणतो, 'ड्रायव्हरला पॅच मारावा लागेल.' हा पॅच म्हणजे नेमकं काय? आणि अपडेट आलं की तो टिकतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लॅपटॉप बिघडलेला नाही. पडद्यामागचा दिवा किती प्रखर हवा, याचा आकडा ड्रायव्हर ग्राफिक्स चिपला देतो. काही मॉडेलांत मामला उलटा असतो : आकडा मोठा, उजेड कमी. एसरचं ॲस्पायर ५७३४झेड हे त्यातलंच. म्हणून लिनक्सच्या इंटेल ड्रायव्हरमध्ये अशा चक्रम यंत्रांची चक्क यादी ठेवलेली आहे. त्यातलं मॉडेल दिसलं की ड्रायव्हर उलटं मोजतो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आणखी एक यादी आहे ती जीपीडी पॉकेटसारख्या यंत्रांची. त्यांत मुळात उभा असलेला पडदा आडवा करून बसवलेला असतो, त्यामुळे चित्र फिरवून दाखवावं लागतं. 'ड्रायव्हर दुरुस्त केला' असं कुणी ऐटीत सांगतो, तेव्हा पुष्कळदा त्याने अशा यादीत एका मॉडेलची भर घातलेली असते.

ही भर लिहून पाठवायची रीत म्हणजे पॅच. जुना कोड आणि नवा कोड यांतला फरक सांगणारी ही साधी मजकुराची फाइल. काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक, आणि मागेपुढे सहसा तीन-तीन ओळी न बदललेल्या. त्या ओळी जागा ओळखण्यासाठी असतात. पुढे पर्ल भाषा घडवणाऱ्या लॅरी वॉल यांनी १९८५मध्ये लिहिलेला 'पॅच' हा प्रोग्राम ही फाइल वाचतो आणि बदल लागू करतो. कोड थोडा वरखाली सरकला असेल तरी त्याचं अडत नाही. आजूबाजूचं सगळंच बदललं असेल, तर मात्र तो हात वर करतो आणि न बसलेला तुकडा वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो.

आता टिकण्याचं. बसवलेल्या ड्रायव्हरवर परस्पर हात चालवलात, तर पुढचं अपडेट तो पुसून टाकणार. म्हणून पॅच मारायचा तो पॅकेजच्या सोर्सला. 'ॲप्ट सोर्स'ने सोर्स उतरवला की बहुतेक पॅकेजांत 'डेबियन' नावाच्या फोल्डरात 'पॅचेस'चा कप्पा सापडतो; डेबियनची मंडळी स्वतःचे बदलही तिथेच ठेवतात. त्यांच्या रांगेत शेवटी आपला पॅच लावायचा, आवृत्तीच्या क्रमांकाला आपली खूण जोडायची, पॅकेज बांधायचं आणि अपडेटने ते बदलू नये म्हणून 'होल्ड'वर ठेवायचं. मेख अशी, की होल्डवर ठेवलेल्या पॅकेजला सुरक्षेची अपडेटंही मिळत नाहीत. नवी आवृत्ती आली की सगळी पूजा पुन्हा मांडायची.

त्यातून इंटेलचा हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. जुन्या लॅपटॉपवर अख्खं कर्नल बांधायचं म्हणजे तासन्‌तास पंखा घरघरत ठेवणं. एवढ्याशा कामासाठी मी ते करणार नाही.

तुमची चिप इंटेलचीच असेल, तर आधी हे करून पाहा. लॅपटॉप सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'आय९१५.इन्व्हर्ट_ब्राइटनेस=१' हे (अर्थातच रोमन लिपीत) जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो, त्यामुळे धोका नाही. कळा सुतासारख्या सरळ झाल्या, तर तेच ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचं लिहा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. पॅचची गरजच उरली नाही.

तरी एक काम उरतंच. मॉडेलचं पूर्ण नाव आणि 'एलएसपीसीआय' या आज्ञेने दाखवलेला चिपचा तपशील कर्नलच्या इंटेल ग्राफिक्स विभागाकडे बग म्हणून नोंदवा. तुमचं मॉडेल त्या यादीत गेलं, तर तोच लॅपटॉप वापरणाऱ्या इतरांना दुरुस्ती अपडेटबरोबर आपोआप मिळेल.