पाव किलो साखर आणि उरलेले सुटे



"जा रे बाळा, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो साखर घेऊन ये." हे वाक्य तुमच्या घरात शेवटचं कधी ऐकू आलं, आठवतंय का?

आपल्या लहानपणी असं वाक्य रोज कानावर पडायचं. पाहुणे दारात आले की आई स्वयंपाकघरातूनच हळू आवाजात सांगायची, "मागच्या दाराने जा आणि बिस्किटाचा पुडा आण." मग एका दमात दुकान गाठायचं. बेकरीतून गरम पावाची लादी आणताना तिचा एक कोपरा वाटेतच संपायचा, आणि ते घरी सगळ्यांना माहीत असायचं. गिरणीतून दळण आणताना पिठाचा डबा पोटाशी धरला की थंडीत छान ऊब लागायची. फुटाण्याची पुडी संपली की त्या कागदावर काय छापलंय तेही वाचून व्हायचं. चहात टाकायला आल्याचा तुकडा आणला की भाजीवाल्या मावशी दोन काड्या कोथिंबीर तशीच द्यायच्या. कामं छोटी होती, पण त्यांत मजा होती.

आता बऱ्याच घरांत सामान फोनवर मागवलं जातं आणि ते थेट दारात येतं. दुकानात गेलोच तर आपण मोबाईल पुढे करतो, 'टिंग' असा आवाज येतो आणि व्यवहार संपतो. सोय झाली हे खरंच आहे, मीही तसंच करते. पण मुलाच्या हातात नोट पडत नाही, सुटे परत येत नाहीत, आणि "काका, मला द्या ना आधी" असं गर्दीत बोलावंही लागत नाही. यात मुलांचं काय हरवतं, हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळलं. माझी चूक झाली होती, म्हणूनच ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

बासष्टला आठ सत्तर

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. वाचन चांगलं, अक्षर सुंदर, पण वजाबाकीत नेहमी अडायची. चाचणीत प्रश्न होता, ५०० − ३६२. तिने उत्तर लिहिलं २६२. आपल्या ओळखीची चूक आहे ही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा: पाचातून तीन गेले दोन, सहातून शून्य सहा, दोनातून शून्य दोन. हातच्याचा पत्ताच नाही.

पालकसभेत तिची आई आली. ती चार घरी स्वयंपाकाला जाते. मी म्हटलं, "ताई, हिला सारखं दुकानात, गिरणीत पाठवू नका. तो वेळ अभ्यासाला द्या. गणितात फार मागे आहे." आई मान खाली घालून म्हणाली, "बरं बाई, नाही पाठवणार."

त्यानंतर आठवड्याभरात मी शाळा सुटल्यावर टपरीवर चहा घेत उभी होते. शेजारीच किराण्याचं दुकान. ही मुलगी तिथे आली. पाव किलो साखर १२ रुपये, चहापूड १० रुपये, पाव किलो शेंगदाणे ४० रुपये. तिने शंभराची नोट दिली. दुकानदाराने गडबडीत काही नोटा-नाणी तिच्या हातावर ठेवली. तिने ती बघितली आणि लगेच म्हणाली, "काका, दहा कमी आहेत. बासष्टला आठ सत्तर, आणि तीस शंभर. अडतीस पाहिजेत." दुकानदाराने मोजून पाहिलं, हसला आणि दहाची नोट दिली.

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने पिशवी पाठीमागे लपवली आणि म्हणाली, "बाई, आज आईला बरं नाहीये, म्हणून आले. रोज नाही येत."

खरं सांगते, हातातला चहा गोड लागेना. जे मूल उभ्या उभ्या, कागदाशिवाय, मोठ्या माणसाची चूक दाखवत होतं, त्याला मी 'मागे' म्हटलं होतं. आणि जिथे ते शिकत होतं तिथेच जाऊ नको म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, "समज, तू पाचशेची नोट दिलीस आणि ३६२ रुपयांचं सामान घेतलंस. परत किती घेशील?" तिने बोटं हलवली. "तीनशे बासष्टला आठ, तीनशे सत्तर. तीस, चारशे. मग शंभर. एकशे अडतीस." उत्तर अगदी बरोबर! मग मी तिची चाचणीची वही उघडली. तिथे तेच गणित होतं. ती बघतच राहिली. "बाई, हे तेच आहे?" हे तेच आहे, एवढंच मी तिला वर्षभर सांगितलं नव्हतं.

हे एकट्या तिचं नाही

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला होता. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी गिऱ्हाईक होऊन विचारलं, एक नारळ ३५ क्रूझेरोला, तर दहा नारळांचे किती? त्याने दहाने गुणून शून्य लावलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनाचे २१०, अजून चार हवेत, म्हणजे ३१५ आणि मग ३५०, असं तो मोजत गेला. या मुलांची बाजारातली सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या उदाहरणांच्या रूपात दिली तेव्हा बरोबर उत्तरं सुमारे ३७ टक्क्यांवर आली.

मुलं पाचच होती, म्हणून तेवढ्यावर मोठा निष्कर्ष काढू नये हे खरं. पण २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपल्याच देशातला एक मोठा अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्यूफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तपासली. ती मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती, पण शाळेतल्या पद्धतीची साधी उदाहरणं त्यांना जमत नव्हती. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना पुस्तकी गणितं जास्त जमत होती, पण बाजारातला हिशेब जमत नव्हता.

म्हणजे नुसतं दुकानात पाठवून भागत नाही आणि नुसतं वहीत सोडवूनही भागत नाही. दोन्हीमध्ये पूल बांधावा लागतो, आणि ते काम आपलं, शिक्षकांचं आणि पालकांचं आहे.

वर्गात काय करता येईल?

१. फळ्यावर दोन रीती. वजाबाकी शिकवताना हातच्याच्या शेजारी 'सुट्यांची रीत' मांडा. ३६२ पासून ३७० पर्यंत ८, तिथून ४०० पर्यंत ३०, तिथून ५०० पर्यंत १००. बेरीज १३८. मग विचारा, दोन्ही रीतींनी उत्तर एकच का आलं? हातचा शिकवायचाच आहे, पण मुलाला आधीपासून येणाऱ्या वाटेवरून त्याच्यापर्यंत न्यायचं.

२. यादी आणि मापं. मुलांना घरच्या सामानाची यादी लिहून आणायला सांगा. पाव किलो म्हणजे किती ग्रॅम? दीड किलो, अडीच किलो, पाऊण लिटर कसं लिहायचं? घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, मण हे शब्द विचारून यायला सांगा. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा. आपण आज २५० ग्रॅमला सवयीने पावशेर म्हणतो. मेट्रिक वजनं देशभर सक्तीची झाली १९६२ मध्ये, पण शब्द अजून जिभेवर आहे.

३. आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण फळ्यावर लिहा आणि विचारा, एकूण खर्च किती? मसाला कोंबडीच्या किती पट? 'सोळा आणे खरं' म्हणजे किती टक्के खरं? भाषा आणि गणित एकाच तासाला होतं, आणि मुलं हसतात.

४. रिकामी वेष्टनं. बिस्किटांची पाच आणि दहा रुपयांची रिकामी वेष्टनं जमवा. त्यांवर निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तारीख कुठे आहे ते शोधायला लावा. मग १०० ग्रॅम बिस्किटं कोणत्या पुड्यात स्वस्त पडतात ते काढू द्या. किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी कसं होतं, हे मुलं स्वतःच शोधतात.

५. दळणाची फेरी. गिरणीत गेलेल्या मुलाला विचारा, पीठ गरम का असतं? घर्षणाचा धडा इथेच सुरू होतो. आपली आई "आधी काय दळलंय?" असं का विचारते? ज्वारीच्या दळणात आधीच्या गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून. दळण्याआधी आणि नंतर वजन करून किती घट आली, तेही लिहू द्या.

पालकांसाठी चार शब्द

मुलाला कामाला जुंपा असं मी म्हणत नाही. अभ्यास आणि खेळ यांच्या वेळेवर पाणी सोडून केलेलं काम वेगळं, आणि दहा मिनिटांची फेरी वेगळी. रस्ता ओलांडावा लागणार नाही असं जवळचं, ओळखीचं दुकान निवडा. पहिल्यांदा सोबत जा, पण बोलू मुलालाच द्या. ते अडखळलं तरी मध्ये पडू नका.

मुलगीच दळणाला आणि मुलगा क्रिकेटला, असं होऊ देऊ नका. दोघांनाही पाठवा.

आठवड्यातून एकदा तरी रोख पैसे द्या. परत आल्यावर पोलिसासारखा हिशेब मागू नका. "सांग बरं, काय काय झालं दुकानात?" असं विचारा, हिशेब गप्पांमध्ये आपोआप येतो. दुकानदाराने सुट्यांच्या ऐवजी गोळी पुढे केली तर "नको काका, पैसेच द्या" असं म्हणता येतं, हेही सांगून ठेवा. आणि एखादे वेळी दोन रुपये कमी आले तर रागावू नका. एवढ्या स्वस्तात दुसरी शिकवणी मिळत नाही!

शेवटचं म्हणजे, त्या फेरीत मुलाचाही वाटा असू द्या. पाच रुपयांचे फुटाणे, पावाचा कोपरा, उन्हाळ्यात उसाच्या रसाचा छोटा ग्लास. त्या गोडीपायीच मूल पुन्हा जायला तयार होतं.

पुढच्या पालकसभेत मी त्या मुलीच्या आईची माफी मागितली. म्हटलं, "ताई, मी चुकीचं सांगितलं होतं. तिला दुकानात पाठवत जा, आणि आल्यावर तिने हिशेब कसा केला तेवढं वहीत लिहायला सांगा." आई आधी गोंधळली, मग हसून म्हणाली, "बाई, ती गेल्याशिवाय राहायचीच नाही. फुटाणे लागतात तिला."

आता तिच्या वहीत मागच्या बाजूला एक पान आहे. साखर, चहापूड, शेंगदाणे, आणि प्रत्येक ओळीपुढे उरलेले सुटे. वजाबाकी हातच्याने केली आहे. खाली लहान अक्षरांत तिने तिच्या रीतीने ताळा करून पाहिला आहे. दोन्ही उत्तरं जुळतात.